सायमनकाकांची गळती

पापनिवेदनाच्या आदल्या दिवशी सायमनकाका आमच्या गल्लीत घरोघर जाऊन विचारतात, "या महिन्यात माझं काय चुकलं?"

सायमनकाका हे आमचे शेजारी, भोरच्या एसटी डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक. गल्लीत कॅथलिक घर त्यांचं एकट्याचंच. महिन्यातून एकदा ते पुण्याच्या चर्चमध्ये फादरांपुढं आपली पापं सांगतात आणि फादर देवाच्या नावानं क्षमा देतात. पण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, असं काकांचं ठाम मत. "गाडीची गळती डायवरला कुठं कळती? मागनं येणाऱ्याला कळती. सांगा, कुठं गळतंय?"

गल्लीही हातचं राखत नाही. कुणी म्हणतं, पहाटे फार मोठ्यानं खाकरता. कुणाला नळावरचं जुनं भांडण आठवतं. काका वाद न घालता मान डोलावतात.

मी एकदा विचारलं, मनातल्या मनात माफी मागून भागत नाही का?

"भागतं की. पण कृपा डोळ्याला दिसत न्हाई. म्हणून देवानं ती संस्कारात दिली, हाताला लागंल अशी. बाप्तिस्म्याला पाणी, आजाऱ्याला तेल, मिस्साला, म्हंजी चर्चमधल्या उपासनेला, भाकर. अन् हितं, पापनिवेदनात, माणसाचा आवाज. क्षमा झाली, हे कानानं ऐकलं की इंजिन थंड होतं."

गेल्या हिवाळ्यात काका न्यूमोनियानं अंथरुणाला खिळले. बरे होऊन काठी टेकत पुन्हा दारोदार आले, तेव्हा सगळ्यांना त्यांची दया आली. प्रत्येकानं तेच सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या आईनंही.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी निघून गेली, तरी काका इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसून होते. आई विचारायला गेली.

"जाऊन सांगू तरी काय?" ते म्हणाले. "मार्था असती तर चार तरी चुका काढल्या असत्या. रोजच्या रोज सांगायची. आता माझ्यावर रागवायलाबी कुणी न्हाई."

मार्थाकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. काकांचं घरोघर फिरणं तेव्हापासूनच सुरू झालं, हे मला त्या दिवशी उमगलं.

आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजारातनं उठल्यावर म्या तीनदा जेवायला बोलावलं. तुमी एकदाबी आला न्हाई. मला लई वाईट वाटलं."

"हे पाप हाय?"

"आमच्या घरात हाय."

काकांचा चेहरा उजळला. काठी उचलून ते पुढची गाडी धरायला निघाले.

संध्याकाळी गाडीवरून उतरले ते थेट आमच्या दारात. म्हणाले, "वहिनी, क्षमा मिळाली. पण फादरांनी प्रायश्चित्त दिलंय. तुमच्या हातचं जेवायचं."

फादर खरंच तसं म्हणाले का, ते आईनं विचारलं नाही. तिनं ताट वाढलं, आणि काका चांगले ऐसपैस मांडी घालून बसले.