डावीकडे बघा!

सकाळची बोट सुटायच्या आधी दाजींनी मेहुण्याला तिकीटखिडकीच्या मागे बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावून बोलायची दाजींची पद्धत नव्हती. ते अपमानसुद्धा चारचौघांत करत, तेवढीच रांगेतल्या लोकांची करमणूक.

"आज एक जरी खोटा डॉल्फिन दाखवलास," दाजी म्हणाले, "तर काम बंद. आणि आमच्या घरामागची खोलीही रिकामी करायची. तुझ्या ताईला सांगून ठेवलंय मी."

"ताई काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं."

ते 'बरं' मेहुण्याला फार लागलं. मागच्या खोलीत त्याची बायको होती आणि अजून रांगायला न लागलेली लेक होती. या दोघींना घेऊन जायला जगात दुसरी खोली नव्हती.

दाजींची बोट लोकांना डॉल्फिन दाखवायला समुद्रात जायची. मेहुण्याचं काम पुढच्या टोकाला उभं राहून डॉल्फिन दिसला की ओरडायचं. आता डॉल्फिन काही दाजींच्या पगारावर नव्हते. ते आठ-आठ दिवस फिरकत नसत. म्हणून मेहुण्याने एक युक्ती बसवली होती. तो "तो बघा!" म्हणायचा आणि लोकांच्या माना वळेवळेपर्यंत म्हणायचा, "गेला!" आपल्याला दिसलं नाही असं कबूल करायला माणसाला लाज वाटते. निम्मे लोक तर "हो हो, शेपटी दिसली" म्हणून मोकळे व्हायचे. धंदा ठीक चालला होता.

गेल्या आठवड्यात बोटीवर एक निवृत्त मुख्याध्यापक आले आणि घात झाला. 'वही घरी विसरली' हे वाक्य ज्यांनी जन्मभर ऐकून घेतलं नाही, ते 'गेला' काय ऐकून घेणार? त्यांनी धक्क्यावर उतरून असा आवाज चढवला की पुढच्या फेरीची रांग मोडली. आज दाजींनी त्यांना फुकट बोलावलं होतं. ते पत्नी आणि दुर्बीण घेऊन आले आणि उजवीकडच्या बाकावर ठाण मांडून बसले.

मेहुण्याने कानाला खडा लावला होता. बोट बरीच आत गेली तरी तो तोंड मिटून उभा होता. लोक चुळबुळ करायला लागले.

"काहो, आज मुहूर्त नाही वाटतं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

आणि तेवढ्यात उजवीकडे पाणी फुटलं. एक पाठ, मग दुसरी, मग सगळा कळपच. खरे, ओले, चकाकणारे डॉल्फिन! मेहुण्याला रडूच यायला लागलं. बोटीवरचं झाडून सगळं माणूस उजवीकडे धावलं. बोट कलली. लोक आनंदाने किंचाळले.

मागे सुकाणूवर मौनीबाबा होता. दिवसाकाठी चार शब्द बोलायचा म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. त्याने मेहुण्याला खुणेने बोलावलं आणि बोटाने पायाशी दाखवलं. फळ्यांच्या खालून पाणी वर येत होतं.

"उजव्या कुशीचं ठिगळ गेलं," मौनीबाबा हळूच म्हणाला. "बोट उजवीकडे कलली की फट पाण्याखाली जाते. सगळ्यांना डावीकडे ने. धक्क्यापर्यंत तिकडेच ठेव. खरं सांगू नकोस, घाबरून पळापळ झाली तर उलटेल."

एवढं तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता.

"पंप लाव ना!"

"तुझ्या ताईच्या टाकीवर आहे."

मेहुण्याला आठवलं. चार दिवसांपूर्वी घरची टाकी भरायला त्यानेच पंप उचलून नेला होता. लाइफ जॅकेटांचे पट्टे दाजींनी केव्हाच गाठोडी बांधायला काढले होते. उरलेली जॅकेटं लोकांनी बाक टोचतो म्हणून बुडाखाली घेतली होती.

मौनीबाबाने बोट वळवली, तसा कळपही वळून उजवीकडेच राहिला. मेहुण्याने एकदा त्या खऱ्या डॉल्फिनांकडे पाहिलं, मागची खोली डोळ्यांसमोर आणली, आणि डोळे मिटून ओरडला, "डावीकडे बघा! आई आणि पिल्लू!"

लोक डावीकडे पळाले. उजवी कूस वर आली, पाणी थांबलं. मेहुण्याने श्वास सोडला. पण उजवीकडे एका डॉल्फिनने अशी झकास उडी मारली, की जणू दाजींनीच त्याला पढवून पाठवला होता.

"अहो, तिकडे आहे, तिकडे!" एक नवी नवरी ओरडली, आणि नवऱ्यासकट सगळी बोट पुन्हा उजवीकडे.

"डावीकडे! पांढरा आहे, पांढरा!"

या वेळी निम्मेच आले.

"डावीकडे देवमासा!"

एक आजोबा आले, तेही ऊन लागत होतं म्हणून.

मुख्याध्यापक मात्र एकदाही हलले नव्हते. "इथे कळपच्या कळप खरा आहे," ते दुर्बिणीआडून म्हणाले, "आणि हा गृहस्थ मला तिकडचा खोटा दाखवतोय. खोट्याच्या कपाळी गोटा! धक्क्यावर पोचू दे, मग बघतो."

'पोचू दे' हे शब्द मेहुण्याच्या काळजात घुसले. पाणी आता फळ्यांवर आलं होतं.

"अहो, माझ्या चपला कशानं भिजल्या?" मुख्याध्यापकांच्या पत्नीने विचारलं.

"समुद्र आहे. समुद्रात ओलं असायचंच."

धक्का दिसत होता, पण लांब. मेहुण्याला पोहता येत नव्हतं. डॉल्फिन दाखवणाऱ्याला पोहता यावं अशी अट कुणी घातली नव्हती. त्याला भीती वाटत होती, मरणाची. लेकीच्या जावळाचा वास आठवला आणि ती भीती दुप्पट झाली. मग त्याने डावीकडच्या खुंटीचा दोर मनगटाला गुंडाळला, कठड्यावर चढला आणि "वाचवा!" म्हणत समुद्रात पडला.

डॉल्फिनबद्दल लोकांचं दुमत असतं, बुडणाऱ्या माणसाबद्दल नसतं. अख्खी बोट डावीकडे लोटली. सगळ्यांत पुढे मुख्याध्यापक, दुर्बिणीसकट. पटापट मोबाइल बाहेर आले.

नव्या नवरदेवाने मात्र दोर धरून ओढायला सुरुवात केली.

"ओढू नका!" मेहुणा नाकातोंडातलं पाणी थुंकत ओरडला. "नुसतं बघा! सगळे बघत राहा!"

"काय माणूस आहे!" मुख्याध्यापक म्हणाले. "बुडतानाही दाखवायची हौस."

"अहो, बोट थांबवा ना!" कुणीतरी मागे ओरडलं. मौनीबाबाचे आजचे शब्द संपले होते. वेग थोडा कमी करून तो समोर बघत राहिला. मेहुणा दोराला लटकून लाटांवर आपटत येत होता. एकदा त्याच्या पायाखालून काहीतरी गुळगुळीत, जड सरकलं आणि क्षणभर त्याला वर उचलून धरलं. पाण्यात एक डोळा दिसला, शांत, जवळजवळ ओळखीचा. चार वर्षं डॉल्फिन विकले, पण इतक्या जवळून एकही पाहिला नव्हता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर आता कुणी मानही वळवली नसती. मग तो कळप त्या सगळ्या आरडाओरड्याला कंटाळून निघून गेला.

धक्क्याला लागल्यावर लोक उतरले ते थेट तिकीटखिडकीवर गेले. "चांगले उजवीकडे दिसत होते, यानं हाकलून लावले!" मौनीबाबा डबा काखेत मारून शेवटचा उतरला. मेहुणा थिजून, थरथरत दाजींपुढे उभा राहिला.

"खोटे दाखवलेस?"

"दाखवले. पण दाजी, ठिगळ निघालं होतं, बोट—"

"ठिगळ? मी स्वतः डांबर लावलंय त्याला!" दाजींचा आवाज पुन्हा चारचौघांतला झाला. "खोली रिकामी कर. आजच."

मेहुण्याची नजर दाजींच्या खांद्यावरून मागे गेली. धक्क्याला बांधलेली रिकामी बोट उजव्या कुशीवर हळूच आडवी होत होती. कुणी नव्हतं तिला डावीकडे तोलायला.

"दाजी, मागे बघा."

"अजिबात बघू नका," मुख्याध्यापक म्हणाले. "याची ही सवयच आहे."

दाजी ताठ उभे राहिले. रांगेतल्या एकानेही मान वळवली नाही. मौनीबाबाने तेवढी डोक्यावरची टोपी काढली. दोर कडाडून तुटला, तोही लोकांच्या गलक्यात कुणाला ऐकू गेला नाही. बाक गेले, सुकाणू गेलं, शेवटी काठीवरचं निशाण गेलं आणि वर चार बुडबुडे आले.

"ती बघा," मेहुणा सवयीने म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "गेली."