रत्नागिरीची कच्ची फेरी

आमच्या कुद्दूसचाचांना कुठं जायाचं असलं की ते आधी एकदा तिथं जाऊन येत्यात.

तुमी म्हणाल, हा बाळू चौथी नापास, कायतरी उलटं सांगतोय. चौथी नापास हाय ते खरं. दोनदा हाय. पन हे उलटं न्हाई. भूमला एसटी स्टँडच्या मागं चाचांचं शिलाईचं दुकान, अन् त्याला चिकटून माझं पंक्चरचं. मधी नुसता पत्रा. त्यांच्या मशीनचा आवाज मला ऐकावा लागतो अन् माझ्या तोंडाचा त्यांना. सगळं भूम म्हणतं, मशीन बरं.

चाचांचं म्हणणं असं, की कापड एकदम पक्कं शिवायचं नसतं. आधी कच्ची मारायची, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालायची, कुठं ताणतंय, कुठं झोळ येतोय बघायचं, उसवायची, मग पक्की. तेच त्यांनी प्रवासाला लावलं. बार्शीला एक लग्न होतं. चाचा आठ दिवस आधी जाऊन जिथं मंडप पडणार त्या मोकळ्या जागेत उभे राहिले. तिथल्या माणसानं विचारलं, "कुणाला बघताय?" तर म्हणले, "लग्नाला आलोय. पुढल्या शुक्रवारच्या."

मी हसलो. मी म्हणलं, आमाला न्हाई लागत कच्ची-बिच्ची. शुक्रवारी एकटाच गेलो, मंडप दिसला, शिरलो, बुंदी दोनदा मागून घेतली, नवऱ्याच्या बापाला मिठी मारली. ते लग्न दुसऱ्याचंच होतं. तो बाप अजून बार्शीच्या बाजारात दिसला की मला रामराम घालतो. कोन म्हणून घालतो ते त्यालाबी माहीत न्हाई.

तवापासून चाचा जिथं जातील तिथं मी त्यांच्या संगं. त्यांनाबी मी लागतो, कारण नवीन काय खायाचं असलं की पहिला घास माझा. "बाळ्या, तुझं तोंड खोटं बोलत न्हाई," म्हणत्यात. "तुझी जीभ बोलती, पन तोंड न्हाई." मग मी घास घ्यायचा अन् चाचा माझ्या तोंडाकडं बघत बसायचे, जसं काय आत घड्याळ हाय.

आता हे सगळं रत्नागिरीपर्यंत कसं गेलं ते सांगतो.

चाचांना एकच लेक, शाहीन. चाची लवकर गेल्या, बाप-लेक दोघंच राहिले. शाहीनला स्थळ मिळालं रत्नागिरीचं. पोरगा सोन्यासारखा, तवा धाराशिवला नोकरीला होता, पुढं त्याची गावी बदली झाली. सगळं चांगलं, फक्त ती माणसं मासे खाणारी. अन् चाचांच्या घशात आठ वर्षांचे असताना तळ्यातल्या मासळीचा काटा अडकलेला. तो निघाला, पन भ्या काय निघालं न्हाई.

लग्नानंतर पोराकडचं जेवण रत्नागिरीला. चाचांच्या ताटात सुरमईचा हा एवढा तुकडा. चाचांचा चेहरा बिनइस्त्रीचा झाला. मी शेजारी बसलेलो. आता शहाण्यानं काय करावं? गप बसावं. मी हळूच म्हणलं, "चाचा, खिशात टाका." त्यांनी टाकला. शेरवानी त्यांनी सोताच शिवलेली, खिसा लई खोल. जेवण झालं, आमी निघालो, तर मागं एक मांजर. मग दोन. दारात पोचलो तवा पाच. एका मांजरानं उडी मारून शेरवानी धरली अन् सगळ्या पाहुण्यांम्होरं सुरमई बाहेर. शाहीनच्या सासूबाई दारातच होत्या. नुसतं बघितलं अन् आत गेल्या.

"हसल्या असत्या तर बरं झालं असतं रे," चाचा गाडीत म्हणले. "त्यांना वाटलं, ह्या माणसाला आपलं अन्न नकोय. आता पोरीला ऐकावं लागंल."

शाहीन फोनवर म्हणाली, "कुणी काय बोललं न्हाई, अब्बा." चाचा फोन ठेवून मला म्हणले, "म्हणजे बोलले." तिनं पुढं असंबी सांगितलं, की मला आता हितलंच आवडतं, भाकरीची आठवणबी येत न्हाई. चाचांनी ते खरं मानलं, अन् लाजले. एवढीशी पोर सहा महिन्यांत शिकली, अन् बाप साठीत घाबरतोय.

मग त्यांनी ठरवलं: आता त्या घरात पाऊल टाकायचं ते ताटातला मासा संपवायची तयारी करूनच. दोन वर्सं गेली. मधी नातू झाला. बाळ लहान म्हणून शाहीन यंदा आली न्हाई, अन् चाचा तयारी झाली न्हाई म्हणून गेले न्हाईत. नातू बघितला तो फोनमधी.

तयारी म्हणजे काय, तर खाकी कागद अंथरला, खडू घेतला, अन् भूमपासून रत्नागिरीपर्यंत एक रेघ मारली. पँटीचा पाय कापावा तशी. मधी खुणा. हितं बार्शी, गाडी बदलायची. हितं कोल्हापूर. हितं आंबा घाट. त्या खुणेपाशी त्यांनी एक गोल काढला. मी विचारलं, "हे काय?" म्हणले, "हितं तू वकणार." आपलं म्हणणं न्हाई, कारण चाचांचं माप चुकत न्हाई.

पहिली पायरी घरची. बाजारातनं सुकट आणली, माझ्या दुकानात भाजली. वास असा सुटला की माझी बायको तीन गल्ल्या पलीकडनं आली अन् विचारती, ट्यूब जाळली का काय. मी पहिला घास घेतला, तोंड सरळ ठेवलं, मग चाचांनी चिमूटभर खाल्ली, दीड तांब्या पाणी प्याले.

दुसरी पायरी कोल्हापूर. चाचा म्हणले, रत्नागिरीकडं सगळ्यात खोबरं असतंय, तर आधी खोबऱ्याला तोंड देऊ. पांढरा रस्सा आला. मला वाटलं दूध हाय. मी त्यात साखर मागितली. वाढणाऱ्या माणसानं मालकाला बोलावून आणलं अन् माझ्याकडं बोट दाखवलं, "ह्ये बघा." चाचा मात्र सहा वाट्या प्याले अन् त्यांनी मान हलवली. "बाळ्या, बसतंय. खांद्यात बसतंय. आता बाही राहिली." बाही म्हणजे मासा.

तिसरी पायरी रत्नागिरी. पन कच्ची.

मी म्हणलं, "चाचा, एवढ्या लांब जायाचं अन् पोरीकडं न्हाई जायाचं?"

"कच्चीला गिऱ्हाइकाच्या घरी जात्यात व्हय रं? तिच्या गल्लीच्या तोंडाला एक खानावळ हाय, लग्नात बघून ठेवली. तिथं बसायचं, मासा खायाचा, जमला तर पुढल्या महिन्यात पक्की."

निघालो. बायकोनं वाटंला कडक भाकऱ्या अन् शेंगदाण्याची चटणी पिशवीत बांधून दिली. आंबा घाटात गोलाच्या बरोबर मधी मी वकलो. चाचांनी खडूनं कागदावर टीक मारली.

खानावळीतनं शाहीनचं घर सरळ समोर दिसत होतं. कौलारू, म्होरं नारळ, दोरीवर इवली इवली झबली वाळत घातलेली. चाचा त्या झबल्यांकडं बघत बसले. "खांद्याला चुकीची कापलीत," म्हणले. "पोराला टोचत असंल."

मी म्हणलं, "चाचा, पन्नास पावलं हायती."

"गप. मासा मागव."

बांगडा आला. पहिला घास माझा. आता चाचांनी मला चार वेळा सांगितलेलं, हळू खा, बोटानं चाचप. पन मी घाटात रिकामा झालेलो. मी अर्धा बांगडा एका दमात आत सारला, अन् तो मधीच थांबला.

मग मी जे ओरडलो ते समुद्रापर्यंत गेलं असंल. खानावळवाला धावला, दोन गिऱ्हाइकं धावली, एकानं पाठीत गुद्दा घातला, एकानं उगाच पायात घातला. मालक वरडला, "अरे, समोरच्या चाचींना बोलवा!" त्या गल्लीत कुणाच्या घशात काटा गेला की समोरच्या चाचीच काढत्यात म्हणं.

आल्या. हातात कोरड्या भाताचा मुटका. कोन असाव्यात? शाहीनच्या सासूबाई. मुटका माझ्या तोंडात कोंबला, म्हणल्या, "चावू नको, गीळ!" मी गिळला. काटा गेला. डोळं पुसून बघतो तर चाचा खुर्चीवर न्हाईत. टेबलाखाली.

बाईंनी वाकून बघितलं. "व्याही? तुमी?"

"सुई पडली," चाचा खालनं म्हणले.

बाई टेबलाखाली बघत राहिल्या. मग सरळ झाल्या. "चला घरी. सून दारात येऊन बघतेय कोन वरडतंय ते. नातवाला न बघता जाणार होता?"

कच्चीचं काय झालं, कागदाचं काय झालं, काय इचारू नका. चाचा बाहेर आले अन् गुडघे झटकत बाईंच्या मागं निघाले. दारात शाहीन. "अब्बा," एवढंच म्हणाली. ती रडली न्हाई, हसलीबी न्हाई. वाकून माझ्या हातातली पिशवी घेतली अन् आत गेली.

जावई कामावर. जेवायला खाली दस्तरखान अंथरला. बाईंनी बाळ चाचांच्या मांडीवर दिलं. चाचांनी पहिलं काय केलं असंल, तर झबल्याची खांद्यावरची शिवण बोटानं चाचपली. मग ताट आलं. भात, नारळाचं सालन, अन् अख्खा बांगडा, डोळ्यासकट. सासूबाई समोर बसल्या, डाव हातात धरून. त्यांचीबी नजर चाचांच्या खिशाकडं गेली, मी बघितली.

एका माशावर दोन घरं टांगलेली.

चाचांनी बिस्मिल्ला म्हणलं. बोटानं चाचपलं. एक काटा काढला, दोन काढले, तुकडा तोंडात घातला. डोळं मिटलं. गिळला.

"चांगलं झालंय," म्हणले, अन् खोटं वाटलं न्हाई.

बाईंच्या हातातला डाव सैल झाला. "तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं तुमास्नी आवडत नाय. रात्रंदिवस तेच डोक्यात. सुनेला इचारलं तर म्हणते, अब्बांना सगळं आवडतं. तीपण गुणाची हो. पहिल्या दिवसापासून आमच्यासारखंच खाते. म्हटलं भाकरीचं पीठ आणू का, तर म्हणते, नको, आठवणच नाय येत."

"शिकली," चाचा म्हणले. अर्धं ताट झालं तवा त्यांना ठसका लागला. पाण्याचा माठ सैपाकघराच्या दाराशी. बाळ माझ्याकडं देऊन ते सोताच उठले, बाईंना उठू दिलं न्हाई. बाळ घेऊन मीबी मागं गेलो, घसा सोलून निघालेला, मलाबी पाणी पायजे होतं.

दार जरासं उघडं होतं. आत शाहीन जमिनीवर बसलेली, आमची पिशवी मांडीत. कडक भाकरी मोडत होती. चटणी तळहातावर घेतलेली. एक तुकडा तोंडात, दुसरा हातात तयार. घाईघाईनं, कुणी काढून घेईल अशी. चटणी मनगटापर्यंत सांडली तर तीबी चाटली. आमच्याकडं पाठ होती.

चाचा तांब्या हातात धरून उभे. पाणी प्याले न्हाईत. मला डोळ्यानंच म्हणले, चल.

परत येऊन बसले, बाळ मांडीवर घेतलं. बाई उठायला लागल्या. "सून कुठं गेली? भात आणते म्हणाली—"

"बसा ताई," चाचा म्हणले. "आधी ह्या पाठीचा काटा कसा काढायचा ते दावा. मला हे शिकायचंय."

बाई बसल्या. लई खूश. एक बांगडा सोलून दावला. चाचांनी खाल्ला. "अजून एक वाढा. आता मी काढतो, तुमी बघा." तोबी खाल्ला. कपाळावरनं घाम गळत होता, गळ्याची घाटी वर-खाली होत होती, पन ताट पुढंच. "ह्याच्या डोक्यात काय असतंय? तेबी सांगा."

तेवढ्यात आतनं भाकरी मोडल्याचा कट्ट आवाज आला. बाईंनी मान वळवली.

"वाहवा!" चाचा एवढ्यानं वरडले की बाळ दचकलं. "काय चव हाय ताई! अजून वाढा! ह्या बाळूलाबी वाढा, तो लाजतोय!"

मला थुंकीबी गिळवत नव्हती. मी ताट पुढं केलं.