नाकाचा फ्लेक्स

"मी शाळेत जाणार न्हाई. कधीच न्हाई!" सहावीतल्या संयोगितानं दप्तर भिरकावलं आणि ओढणीनं नाक झाकून पलंगावर अंग टाकलं.

झालं होतं असं, की प्रियदर्शनीनं वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर तिचा बाजूनं काढलेला फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'नाक लोड झालं, चेहरा अजून बफरिंग. ग्लो-अप कधी, ब्रो?' त्यावर पोरींनी पोट धरून हसणाऱ्या इमोजींचा नुसता पाऊस पाडला होता.

तिचे वडील हंबीरराव म्हणजे शेजाऱ्याच्या म्हशीनं बक्षीस मिळवलं तरी चौकात फ्लेक्स लावणारा माणूस. त्यांनी तो फोटो पाहिला आणि त्यांची छाती फुगली.

"अगं, हे तर आमच्या आक्काचं नाक! घराण्याचं नाक हाय हे. झाकतीस कशाला?"

पोरगी काही बोलायच्या आत ते तो फोटो घेऊन फ्लेक्सवाल्याकडे पोचलेसुद्धा. त्यानं सवयीप्रमाणं चेहरा गोरा केला, नाक बारीक करायला घेतलं.

"ए, नाकाला हात लावलास तर बघ!" हंबीरराव कडाडले. घाबरून त्यानं नाक जरा वाढवूनच दिलं.

सकाळी चौकात रिक्षाएवढं नाक झळकत होतं. वर अक्षरं, 'आमचं नाक, आमचा रुबाब!' खाली शुभेच्छुकांत कोडोलीच्या आक्का होत्याच. पण ज्यांच्या नाकाचा या घराण्याशी काडीचा संबंध नव्हता, ते शिरोळचे मामाही हट्टानं घुसले होते.

"पप्पा! काल नुसता वर्ग हसत होता, आता अख्खं कोल्हापूर हसंल की!" संयोगिता कात्री घेऊन चौकाकडं धावली.

फ्लेक्सखाली प्रियदर्शनी मान वर करून एकटीच उभी होती.

"काय, आता ह्याचा बी फोटो टाकणार व्हय?"

फिल्टरशिवाय एकही फोटो न टाकणाऱ्या प्रियदर्शनीनं हळूच केस मागं सारले. दोन भलेमोठे कान बाहेर आले.

"माझ्या पप्पांचे कान हायत. घरात सगळी म्हणत्यात, झाकून ठेव." तिनं पुन्हा फ्लेक्सकडं पाहिलं. "तुझे पप्पा माझा बी लावतील काय गं?"

संयोगितानं वर पाहिलं. नाकावर कोवळं ऊन पडलं होतं. खरंच रुबाबदार होतं की! आयुष्यात पहिल्यांदा तिला ते मनापासून आवडलं. तिनं कात्री पाठीमागं लपवली.

"लावतील की. पण आधी ग्रुपवर सॉरी म्हणायचं, सगळ्यांसमोर."

"म्हणते."

"आणि खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो पायजे."

"कुठला?"

"बाजूनं काढलेला!"