उणे सदतीस मिनिटांचा मुक्काम

ज्याला कुठेही जाता येते, त्याचे आयुष्य कुठे जायचे हे ठरवण्यातच जाते. म्हणून हे ठरवण्याचे काम गंभीर आणि अनुभवी माणसाकडे असणे सर्वांच्याच हिताचे असते. सुदैवाने त्या प्रवासी बोटीवर, सातव्या मजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत, असा एक माणूस उतरलेला होता.

त्यांना घरीदारी तक्तेसाहेब म्हणत. एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात चौतीस वर्षे त्यांनी तुलनात्मक तक्ते केले. टेबल असो, टाचण्या असोत की पाणी तापवायचे यंत्र. तीन ठिकाणचे नमुने मागवून, त्यांची सोळा रकान्यांत तुलना करून, तळाला शेरा मारल्याशिवाय त्यांनी कचेरीत एकही वस्तू येऊ दिली नाही. (पंख्यांचा तक्ता पूर्ण झाला तेव्हा थंडी पडली होती. थंडीला रकाना नव्हता, हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले.) घरातही पद्धत हीच. लग्नानंतरची पहिली सहल अकराव्या वर्षी निघाली आणि एकही चूक न होता त्याच दिवशी संध्याकाळी परत आली. बोटीची ही सफर मात्र मुलीने परस्पर ठरवून, तिकिटे हातात ठेवून, आईबापांना गाडीत बसवून दिले होते. तक्ता करायला तिने वावच ठेवला नाही, याचे साहेबांना अजून वाईट वाटत होते.

ती कसर भरून काढायची संधी चौथ्या दिवशी येणार होती. त्या दिवशी बोट एका बंदराला लागणार होती आणि बंदरापासून चालत बारा मिनिटांवर रेल्वे स्टेशन होते. तिथून निरनिराळ्या गावांना गाड्या सुटत. सकाळी साडेआठला उतरायचे, दुपारी साडेचारच्या आत बोटीवर परत. मधले आठ तास प्रवाशांचे.

साहेबांच्या पत्नीला (धाकटी बहीण त्यांना ताई म्हणे, आपणही ताईच म्हणू) यात काही ठरवण्यासारखे आहे असे वाटलेच नव्हते. माहितीपत्रकातले एक चित्र त्यांनी पहिल्याच दिवशी पर्समध्ये घडी करून ठेवले होते. तळ्याकाठचे छोटे स्टेशन, फलाटावर फुलांच्या कुंड्या, कुंड्यांमागे चहाचे दुकान.

"अहो, गाडीत खिडकीशी बसायचं, तुम्ही शेजारी बसायचं. उतरायचं, चहा प्यायचा, परत यायचं," त्या म्हणाल्या. "लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. आपण दोघं अशी कधी बसलोयच कुठे?"

मागणी साधी होती, आणि ताईंनी ती तेहेतीस वर्षांत पहिल्यांदाच तोंडाने केली होती. साहेबांनी ती तत्त्वतः मान्य करून पुढील विचारार्थ घेतली.

विचारार्थ एक समिती बसली. समितीत साहेब स्वतः, ताई, ताईंची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे साहेबांचे साडू, असे चौघे होते. साडू निवृत्त मुख्याध्यापक. हरकत घेणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती त्यांची सेवा होती. नाश्त्याच्या दालनातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर तीन दिवसांत समितीच्या सात बैठका झाल्या. सातव्या बैठकीला दोन्ही बहिणी वरच्या डेकवर निघून गेल्या होत्या. ती दोघींची अनुपस्थिती समजून कामकाज पुढे चालवण्यात आले.

पहिला निर्णय असा झाला की गावांची नावे घ्यायची नाहीत. नाव घेतले की माणूस हळवा होतो आणि तुलना बिघडते. म्हणून डोंगरावरचे गाव क, तळ्याचे ख, आणि जिथे दोन लोहमार्ग एकमेकांना मिळतात व त्याखेरीज काहीच घडत नाही ते ग. प्रेक्षणीयतेला दहा, स्वच्छतेला दहा आणि बाकांच्या संख्येला वीस गुण ठेवले. ताईंनी चहा सुचवला. चहा सगळीकडे मिळतो, तेव्हा त्याने तुलना होऊ शकत नाही, असे कारण देऊन सूचना निकाली काढली.

मग आला वेळेचा प्रश्न, आणि इथेच साहेबांच्या हाताची किमया दिसली. सामान्य माणूस गाडीचे वेळापत्रक पाहतो. साहेबांनी वेळापत्रकाच्या मागचे आयुष्य पाहिले. बोटीवरून उतरायची रांग, पस्तीस मिनिटे. स्टेशनापर्यंत चालणे बारा, पण ताईंचा गुडघा धरून पंचवीस. तिकीटखिडकीवर आपले म्हणणे त्यांना न कळणे, वीस. फलाट शोधणे, पंधरा. प्रत्यक्ष प्रवास, सत्तर. गाडी उशिरा येणे, चाळीस. उतरल्यावर प्रसाधनगृह शोधणे, वीस. झाली सव्वादोनशे मिनिटे. परतीला फलाट, प्रवास, उशीर, रांग आणि गुडघा हे सगळे पुन्हा, शिवाय गाडी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंतचा एक तास, मिळून दोनशे पंचेचाळीस. एकूण चारशे सत्तर. त्यावर अनपेक्षित अडचणींसाठी दहा टक्के. (अडचणी अनपेक्षित असतात; त्यांची टक्केवारी नसते.) बेरीज पाचशे सतरा.

हाताशी होती चारशे ऐंशी मिनिटे. म्हणजे ख या गावी प्रत्यक्ष मुक्काम, उणे सदतीस मिनिटे.

"क चे किती?" साडूंनी विचारले.

"उणे एकशे बारा."

"आणि ग?"

"उणे एकोणीस," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "ग सर्वांत किफायतशीर दिसतंय."

"माझी हरकत आहे," साडू म्हणाले. "पोचायच्या एकोणीस मिनिटं आधी निघायचं कसं?"

हरकत रास्त होती. तिचे निवारण करताना साहेबांच्या लक्षात आले की गावाऐवजी आधीच्या स्टेशनावर उतरले तर तूट कमी होते. त्याच्याही आधीच्या स्टेशनावर उतरले तर आणखी कमी. असे एकेक स्टेशन मागे येत येत ते दुपारच्या जेवणापर्यंत एका स्थानकाशी येऊन थांबले, जिथे प्रवास शून्य, उशीर शून्य, आणि मुक्काम चांगला पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटे पडत होता. बाकांची संख्याही तिथे सर्वाधिक होती. ते बंदराचेच स्टेशन होते.

तक्त्याखाली शेरा पडला: 'बंदरावरून रेल्वेने करावयाची सर्वोत्तम सहल म्हणजे बंदराचे रेल्वे स्टेशन.' साडूंनी सही केली. कुणालाही त्यात चूक काढता आली नाही, कारण चूक नव्हतीच.

चौथ्या दिवशी बोट वेळेवर लागली. उतरायला रांग नव्हती. ताईंचा गुडघा कधी नव्हे ते पळत होता. बारा मिनिटांची वाट त्यांनी अकरात कापली. तिकीटखिडकीवरच्या बाईला ताईंनी पर्समधले चित्र दाखवले आणि चार बोटे वर केली. बाई हसली, चार तिकिटे आली. या सर्व प्रकाराला मिळून चोवीस सेकंद लागले, आणि साहेबांच्या वीस मिनिटांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला.

आठ पन्नासची गाडी फलाटावर लागलेलीच होती. दोघी बहिणी चढल्या. ताई खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली.

"अहो, या ना!"

"भाऊजी, चढा लवकर!" धाकटी ओरडली. "आणि यांनाही घ्या!"

साहेबांना चढायचेच होते. हे इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे, कारण पुढे लोक काहीही बोलतात. खिडकीतला तो चेहरा पाहून तक्ता चुलीत घालावा असेही त्यांना क्षणभर वाटले. त्यांनी पाय उचललाही. पण तेवढ्यात त्यांची नजर स्टेशनच्या घड्याळाकडे गेली आणि मग मनगटाकडे. दोन मिनिटांचा फरक होता.

"थांब, दोन मिनिटं," ते म्हणाले, आणि खिशातून तक्ता काढून शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागले: 'स्टेशनचे घड्याळ माझ्यापेक्षा दोन मिनिटे पुढे.' साडूंनी हरकत घेतली की तुमचेच मागे असेल. हरकतीचे निवारण होईपर्यंत गाडी सुटली. स्टेशनचे घड्याळ बरोबर होते.

पुढची गाडी तासाभराने होती. साहेबांनी तिचा विचार केला, पण ती धरली तर ख चा मुक्काम आणखी साठ मिनिटांनी उणे होत होता. दोघे बाकावर बसले. सहल म्हणून पाहिली तर ती उत्तम झाली. फलाट स्वच्छ होता, प्रसाधनगृह सापडले, सव्वीस बाके मोजून झाली. त्या सहा तासांत एकवीस गाड्या सुटल्या, त्यांतल्या वीस वेळेवर. साडू दोनदा डुलकी काढून उठले आणि दोन्ही वेळा विचारते झाले, "आल्या का?"

तीन वाजता गाडी आली. दोघी उतरल्या त्या उन्हाने लाल झालेल्या, डोक्यावर एकसारख्या गवती टोप्या. धाकटीचे तोंड थांबत नव्हते. बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम तळंच, भाऊजी! कुंड्या खऱ्याच आहेत! दुकानातल्या म्हातारीने ताईला दुसरा कप तसाच दिला! ताई रुसल्या नव्हत्या. चेहरा पाहून कळत होते की त्यांचा दिवस फार छान गेला, आणि साहेबांना नेमके तेच टोचले.

"कसं झालं?" त्यांनी बोटीकडे चालता चालता विचारले.

"छान झालं." चार पावलांनी ताई म्हणाल्या, "जाताना शेजारी पिशवी ठेवली होती. तुम्ही मागे राहिलात हे दिसत होतं, तरी पुढच्या स्टेशनापर्यंत ठेवली, त्याच्या पुढच्यापर्यंतही ठेवली. पार तळ्यापर्यंत ठेवली."

"आणि येताना?"

"येताना नाही ठेवली. एक मुलगी उभी होती, तिला म्हटलं बस."

त्या संध्याकाळी साहेबांनी तक्त्यात सतरावा रकाना आखला, पण त्याला काय नाव द्यावे हे त्यांना सुचले नाही. तो रिकामाच राहिला.

बोटीवर मात्र तक्त्याचे फार कौतुक झाले. सकाळी कुठे जावे हे न ठरल्याने बोटीवरच बसून राहिलेल्या एकशे चाळीस प्रवाशांनी त्याच्या प्रती मागून नेल्या आणि पुढच्या बंदरासाठी चर्चा सुरू केली.

वाचकांना या सगळ्याची गंमत वाटली असेल. वाटायलाच हवी, आपण काही तक्ते करणारी माणसे नव्हे. आपण फक्त जायच्या जागांची यादी फोनमध्ये जपून ठेवतो, सवड मिळाली की जाऊ म्हणतो, आणि सवड मिळाली की अशा गोष्टी वाचत बसतो. खुशाल वाचाव्यात. तुमच्या शेजारच्या जागेवर कुणीतरी पिशवी ठेवलेली असेलच. ही फेरी जातानाची आहे की येतानाची, एवढे तेवढे मान वर करून पाहून घ्यावे.