काकांच्या सायकलचा ब्रेक

"अहो, लोकांची नजर सुधारतो मी! सायकल ती काय, दोन दिवसांत ठणठणीत करतो!" असं चष्मेवाल्याने मैदानात सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं, आणि तिथेच फसला.

सायकल पोलोला संघात खेळाडू तीनच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात हँडल आणि त्यावर एकुलता एक ब्रेक. पाय जमिनीला लागला की चूक! त्यांच्या तिघांपैकी एकाचा पाय मोडला होता, त्यामुळे तीन वर्षं राखीव म्हणून बाक झिजवणाऱ्या चष्मेवाल्याचा एकदाचा नंबर लागला होता. सामना रविवारी. पण त्याची स्वतःची सायकल महिन्यापूर्वीच चोरीला गेलेली! म्हणून शुक्रवारी तो काकूंकडे गेला.

काकांची सायकल सहा वर्षं मागच्या शेडमध्ये पडून होती. फोर्क वाकलेला, पुढच्या रिमचं पार कडबोळं झालेलं. मोटार मागे घेताना काकूंनी ती चिरडली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनाही! काका त्यानंतर वर्षभर जगले आणि वर्षभर जेवताना तेच उगाळत बसले. काकांच्या जोडीने गोल अडवणाऱ्या काकूंनी त्या दिवसापासून काठीला हात लावला नव्हता.

"ने बाबा," किल्ली देत काकू म्हणाल्या. "माझ्या हातून मोडली, तुझ्या हातून तरी नीट होऊ दे."

चष्मेवाल्याने त्यांच्याकडे न बघता किल्ली घेतली.

शेडमध्ये खिळ्याला काकांची टोपी अजून लटकत होती. त्याने सायकल चाकं वर करून उलटी उभी केली. फोर्क बदलला, नवी रिम घालून तिचा आउट, म्हणजे डुगडुग, काढला, चेंडू आऱ्यांत शिरू नये म्हणून चाकांना प्लास्टिकच्या चकत्या बसवल्या, हँडल दोन्हीकडून कापून आखूड केलं. शेवटी सायकलच्या मागे उभं राहून ब्रेक बसवला, उजव्या बाजूला. चष्मेवाला डावखुरा! डाव्या हातात काठी, म्हणजे ब्रेक उजवीकडेच हवा. तो पाना पुसत होता तेवढ्यात पुढचं चाक आपोआप हललं. हळूच अर्धा फेरा फिरलं, थांबलं आणि उलटं परत आलं. वारा तर नव्हताच! त्याने सायकल तशीच उलटी ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून तो भराभर घरी गेला.

शनिवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. त्याने सायकल सुलटी केली, ऐटीत वर बसला आणि उजवी मूठ आवळली. हाताला काहीच लागलं नाही. ब्रेक डावीकडे होता!

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. डावीकडचा ब्रेक कुणाला लागायचा? उजव्या हाताने खेळणाऱ्या काकांना!

"छे! कालची दमणूक," असं स्वतःलाच बजावत त्याने ब्रेक बदलायला सायकल पुन्हा उलटी केली आणि कोपऱ्यातून पाना शोधून आणला. मागे उभा राहून बघतो तर ब्रेक उजवीकडे! त्याने हातही लावला नव्हता!

"बरं झालं बुवा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. घाईघाईने सायकल सुलटी केली. डावीकडे!

खिळ्यावरची टोपी डुलली. निदान त्याला तरी तसं वाटलं. त्याच्या हातातून पाना निसटला आणि तो टोपीपुढे चक्क गुडघ्यांवर बसला.

"काका, माफ करा! तुमची सायकल मीच मोडली! न विचारता नेली आणि थेट भिंतीवर आदळली! गुपचूप काकूंच्या गाडीमागे टेकवून ठेवली, म्हणून त्यांना वाटलं की..."

"काय वाटलं?"

आवाज मागून आला. चष्मेवाला गर्रकन वळला. दारात काकू उभ्या होत्या, हातात त्याच्यासाठी आणलेला चहा.

"काकू, आधी इथून चला! काका आलेत! ब्रेक सारखा या बाजूचा त्या बाजूला जातोय!"

काकूंनी चहा खाली ठेवला. सायकल उलटी केली. बघितली. सुलटी केली. बघितली.

"अरे डोळ्यांच्या वैद्या, माणूस खाली डोकं वर पाय झाला की त्याचा उजवा हात मागून आपल्याला कुठे दिसतो?"

चष्मेवाल्याने मनातल्या मनात काकांना उलटं टांगून पाहिलं. उजवा हात डावीकडे आला! मग त्याचा चेहरा पडला.

"आणि चाक हललं ते?"

"व्हॉल्व्हची बाजू जड. ती खाली येणारच." काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "सहा वर्षं! सहा वर्षं मला वाटतंय, मीच त्यांचा खेळ मोडला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं रे मी!"

"चुकलो, काकू. सांगायची हिंमतच झाली नाही." त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. डोळे पुसत, पडेल आवाजात तो म्हणाला, "ब्रेक बदलतो आता. उद्या सामना आहे."

काकूंनी खिळ्यावरची टोपी काढली, झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर नीट बसवली.

"आहे तिथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "मी उजव्या हाताने खेळते!"