अण्णांची मागची सीट

आमच्या गल्लीत सकाळी कुणी खणखणीत आवाजात "हंप!" असं ओरडलं की समजावं, तुकोजीअण्णा दूध आणायला निघाले. बंगळुरात गतिरोधकाला हंप म्हणतात. कन्नड बोलणारा म्हणतो, तमिळ बोलणारा म्हणतो, आणि माझ्यासारखी पुण्याहून आलेली बाईसुद्धा चार महिन्यांत स्पीडब्रेकर विसरून हंपच म्हणायला लागते. तेव्हा शब्दाचं काही नवल नाही. नवल हे, की अण्णा स्कूटर चालवताना मान किंचित मागे वळवून, मागे बसलेल्या माणसाला सावध करावं तसे ओरडतात आणि मागे कुणीही बसलेलं नसतं.

पहिल्यांदा मला वाटलं, फोनवर बोलत असतील. पण अण्णांच्या कानात काही नव्हतं. खिशात फोन होता तो जुना बटणांचा, आणि तोही बहुतेक वेळा बंद. मग मी दुसरा निष्कर्ष काढला, तो इथे लिहीत नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि मला हे घर आवडतं.

घर बसवनगुडीत आहे. अण्णांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की एकदा माझ्या आईने फोनवरून काळजीने विचारलं, "खाली कोण गं रागावतंय तुझ्यावर?" रागावत कुणी नव्हतं. अण्णा "अम्मा, टाकी भरली, मोटर बंद कर की स्वल्प!" एवढंच सांगत होते. इथे लेकीच्या वयाच्या बाईलाही अम्मा म्हणतात. सुरुवातीला मला उगाचच वय वाढल्यासारखं वाटायचं.

अण्णांचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं. आता दुकान पुतण्या बघतो आणि अण्णा स्कूटर बघतात. बघतात म्हणजे दिवसभर बघतात. गियरची जुनी स्कूटर, मूळचा रंग निळा असावा असं त्यांचं म्हणणं आहे. पण ही स्कूटर म्हणजे दोन वेगळ्या गाड्या मधोमध जोडल्यासारखी दिसते. पुढच्या अर्ध्या भागाचे हाल बघवत नाहीत. मडगार्ड तारेने बांधलेलं, हॉर्न मुका, आरशाला तडा. अण्णांच्या स्वतःच्या सीटमधून काथ्या बाहेर डोकावतो. वेगाचा काटा चाळीसवर अडकलाय, त्यामुळे अंगणात स्टँडवर उभी असतानाही गाडी चाळीसने जात असते.

आणि मागचा अर्धा भाग बघावा तर राजेशाही थाट! दुहेरी स्पंजची रुंद सीट, तिला पाठ टेकायला मऊ उशी, धरायला दोन्ही बाजूंना दांडे, पाय ठेवायला रबर लावलेली ऐसपैस पाटी, साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, आणि मागच्या चाकाला नवेकोरे शॉकॲब्सॉर्बर. सीटचं रेक्झिन निवडायला अण्णांनी तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. मी एकदा बरोबर होते. दुकानदार रंग दाखवत होता आणि अण्णा डोळे मिटून अंगठ्यात नि बोटात रेक्झिन चोळून बघत होते, शालूचा पोत बघावा तसं. "हे उन्हात तापतंय," "हे घसरतंय," "हे टोचतंय." शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "अण्णा, गाडीला घालायचंय की अंगाला?" अण्णांनी त्या प्रश्नावर खरोखर विचार केला.

"झाली का हो सीट?" असं कुणीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. "झाल्यासारखीच. स्वल्प बाकी आहे." हे मी दोन वर्षं ऐकतेय.

सादिकभाई मेकॅनिक ऐकतोय त्याहून जास्त. त्याचं गॅरेज आमच्या कोपऱ्यावर आहे. अण्णा दर आठवड्याला जाऊन सांगणार, मागचे शॉक अजून स्वल्प मऊ कर. सादिकभाई सांगणार, अण्णा, याच्यापुढे मऊ केले तर गाडी होडीसारखी डुलेल. मग तो कार्ब्युरेटर साफ करू का विचारणार, प्लग बदलू का विचारणार, पुढचा ब्रेक तरी बघू द्या म्हणून गयावया करणार. अण्णा हात उडवून म्हणणार, "पुढचं राहू दे. पुढे मीच असतो की."

मागच्या थंडीत त्यांनी मला चाचणीला बसवलं. मी ऑफिसला निघाले होते, एचएसआर लेआउटला, अंगावर इस्त्रीचा पांढरा कुडता. अण्णा फाटकातच उभे. "अम्मा, पाच मिनिटं. मागे बस आणि हे धर." हातात स्टीलचा पेला दिला, काठोकाठ भरलेली फिल्टर कॉफी. "प्यायची नाही हं. नुसती धरायची."

आता बंगळुरात राहून समोरची कॉफी नुसती धरायची ही शिक्षाच. पण बसले. बसल्याबरोबर एक गोष्ट कळली ती मान्य करायला हवी. इतकी आरामशीर जागा माझ्या घरातही नाही. अण्णा गोगलगाईच्या वेगाने निघाले. काटा अर्थात चाळीसवर. पहिला हंप आला. "हंप!" काही सांडलं नाही. दुसरा. "हंप!" चार थेंब. तिसरा शाळेच्या वळणाजवळचा, आमच्या गल्लीच्या टोकाचा, चांगला टेंगळासारखा वर आलेला. तिथे अण्णांनी गाडी जवळजवळ थांबवलीच, दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि तीन वेळा ओरडले. एवढं सावध केल्यावर माणूस घाबरतो. मी घाबरले आणि कॉफी कुडत्यावर.

"स्वल्प सांडली की पूर्ण?" अण्णांनी मागे न बघता विचारलं.

"अर्धी."

"अर्धी," ते खिन्नपणे म्हणाले आणि गाडी थेट सादिकभाईकडे वळवली. माझं ऑफिस, माझा कुडता हे विषय त्यांच्या डोक्यातही आले नाहीत.

कुडता वाचवला तो सुशीलाक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने. अण्णांची बायको आहे, हे वाचून तुम्ही चमकला असाल. मला पहिल्या भेटीपर्यंत वाटत होतं की नसावी. रिकाम्या सीटला हाका मारणारा माणूस बघितला की आपण मनातल्या मनात एक फोटो भिंतीवर टांगून त्याला हार घालून मोकळे होतो. अक्का ठणठणीत आहेत. लहानखुऱ्या, बोलायला तिखट, आणि कुठेही जायचं तर ऑटोने जातात.

हा प्रकार बघण्यासारखा असतो. अक्का देवळात निघाल्या की गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबवतात. ऑटो सुटला की मागोमाग अण्णांची स्कूटर. पुढे ऑटोत अक्का, मागे स्कूटरवर अण्णा, त्यांच्या मागे रिकामं सिंहासन, आणि प्रत्येक गतिरोधकाच्या आधी ऑटोच्या मागून आरोळी, "हंप!" एकदा ऑटोवाल्याने गाडी बाजूला घेऊन विचारलं म्हणे, की हा म्हातारा कोण आणि माझ्या गाडीमागे का लागलाय. अक्का शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरातला आहे. चला तुम्ही."

कॉफी सांडली त्याच आठवड्यात अक्कांनी मला अवरेकाई सोलायला गच्चीवर बोलावलं. थंडीत अख्खं बंगळूर हे वाल सोलत असतं. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, की आतलं टुणकन बाहेर येतं आणि साल हातात राहतं. अक्का डाव्या हाताने दाबत होत्या. उजवं मनगट वाकडं जुळलेलं, त्यात जोर नाही. तो हात त्या नेहमी पदराखाली ठेवतात, म्हणून मी इतक्या दिवसांत नीट बघितला नव्हता.

"स्कूटरवरून पडले की," मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या.

हकीकत अशी. आनेकलला नात्यात लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी अण्णांच्या गाडीचं कौतुक केलं आणि अक्का चारचौघांत म्हणाल्या, "कसली गाडी? चालवायला एक आणि ढकलायला एक, अशी दोन माणसं लागतात." पंगत हसली. अण्णाही हसले, पण तोंडाने. परतताना गाडीवर एक शब्द बोलले नाहीत.

"आता बघ," अक्का म्हणाल्या, "ह्यांची पाठ ही एवढी रुंद. मागून मला पुढचं काय दिसणार? लग्न झाल्यापासून असंच आहे. ह्यांनी हंप म्हणायचं, मी धरायचं. त्या दिवशी तोंडाला कुलूप. आनेकलपासून सगळे हंप मी अंदाजाने धरले. आपली गल्ली आली, म्हटलं आता काय, पोचलो. हात सोडला. आणि तिथे, शाळेजवळ, त्याच दिवशी नवा घातलेला. पांढरा पट्टाही नाही मारलेला."

"म्हणजे अण्णांनाही दिसला नसेल," मी म्हणाले.

"दिसला की. ब्रेक दाबला ना त्यांनी." अक्कांनी एक दाणा दाबला. "तेवढं बोलले नाहीत."

मी सालं गोळा करत राहिले. खाली अंगणात अण्णा सीटच्या दांड्याला पॉलिश लावत होते, त्याचा घसघस आवाज वर येत होता. इतके दिवस ज्या गोष्टीला मी हसत होते, ती अचानक हसण्यासारखी राहिली नाही, आणि मला त्या माणसाची फार दया आली.

"तुम्ही रागावला आहात अजून?"

"राग कसला! हाड जुळलं, राग गेला."

"मग बसत का नाही गाडीवर?"

"बस म्हणाले का ते?" अक्का एकदम म्हणाल्या. "एवढी उशी केली, जाळी केली, दांडे केले. येताजाता मला सीट दाखवतात, बस म्हणत नाहीत. मी आपणहून चढून बसू?"

म्हणजे एवढंच अडलं होतं. अण्णा सीट पुरेशी चांगली व्हायची वाट बघत होते, कारण त्याआधी 'बस' म्हणायचं तोंड त्यांना नव्हतं. आणि अक्का त्या एका शब्दासाठी ऑटोने फिरत होत्या. मधल्या मध्ये सादिकभाईचा जीव जात होता.

मी मध्यस्थी करायला गेले नाही. पुण्याची असले तरी एवढं कळतं. पण अण्णांना एकदा सहज म्हणाले, "अण्णा, कॉफी थोडीफार सांडणारच. पेला धरणारीला चालत असेल तर?" ते पाना शोधायला आत गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथे आयुधपूजा असते. त्या दिवशी बंगळुरातल्या प्रत्येक वाहनाला आंघोळ घडते. बसला, ऑटोला, लहान मुलाच्या तीनचाकी सायकललाही. मग हळदकुंकू, शेवंतीचा हार, हँडलला केळीचे खुंट. चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा आणि गाडी लिंबांवरून पुढे काढायची. लिंबं चिरडली की वर्षभराची पीडा टळली.

अण्णांनी स्कूटरला पाइपने असं न्हाऊ घातलं की विचारू नका. वरून, खालून, पोटातून. माझ्या गाडीवर उरलेलं पाणी उडालं तेवढ्यावर तिची आंघोळ झाली. पूजा झाली, अक्कांनी आरती केली, सादिकभाई चुरमुऱ्यांचा प्रसाद घ्यायला आला होता. अण्णांनी कोहळा फोडला, हात पुसले आणि गाडीशी नुसतेच उभे राहिले.

"झाली का हो सीट?" सादिकभाईने सवयीने विचारलं.

"झाली," अण्णा म्हणाले.

सादिकभाईच्या हातातले चुरमुरे तसेच राहिले. अण्णांनी सीटवरून एकदा हात फिरवला आणि अक्कांकडे न बघता, सीटकडेच बघत म्हणाले, "बसतेस का?"

अक्कांनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. पदर खोचला. पाटीवर पाय ठेवला, डाव्या हाताने दांडा धरला आणि चढून बसल्या. एकदा मागे टेकून बघितलं.

अण्णांनी किक मारली. गाडी सुरू झाली नाही. परत मारली. परत. गाडी खोकलीसुद्धा नाही. सादिकभाईने कपाळावर हात मारला. "अण्णा, प्लगमध्ये पाणी! आयुधपूजेला दर वर्षी सगळा गाव हेच करतो. सोडा, उद्या बघतो."

अण्णांचा चेहरा बघवेना. मागचं सगळं जगात नसेल इतकं चांगलं करून ठेवलेलं, आणि पुढचं इतकी वर्षं 'राहू दे' म्हणून राहिलेलं. ते हळूच म्हणाले, "उतर. उद्या."

"मी नाही उतरत," अक्का म्हणाल्या. "ढकला."

मी पुढे झाले, सादिकभाईही झाला. अण्णांनी दोघांनाही हाताने थांबवलं. अक्कांचे पाय डाव्या बाजूला होते, म्हणून ते उजवीकडून उभे राहिले, हँडल धरलं, स्टँड काढला आणि सत्तरीच्या त्या माणसाने छाती पुढे घालून गाडी ढकलली. लिंबं फचकन फुटली. केळीचे खुंट डुलत, काटा चाळीसवर, मिरवणूक फाटकाबाहेर पडली. मी ताट घेऊन मागोमाग चालत होते.

पहिला हंप. "हंप!" अण्णा ओरडले. अक्कांनी दांडा धरला. दुसरा. "हंप," पण आवाज बारीक. शाळेच्या वळणापाशी पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता, श्वास लागला होता, मान खाली. आता तो टेंगूळवाला हंप समोर होता. अण्णांनी सांगायला तोंड उघडलं, पण नुसता वारा बाहेर आला. पुन्हा उघडलं. शब्द निघेना. ते घाबरून थांबले आणि वळून अक्कांकडे बघायला लागले.

अक्कांनी वाकडा हात पदराबाहेर काढला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"हंप," त्या म्हणाल्या. "दिसतोय मला. चला."