वीस फुटांचे थोरले जावई

मत्सर हा प्रकार माझ्या अंगी नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. माणूस आपला रक्तगट सांगतो, तसं सांगतोय. शेजाऱ्याने गाडी घेतली, मी पेढा खाल्ला. माझ्या चार वर्षं मागून लागलेला माणूस माझा साहेब झाला, मी त्याच्या सत्काराची वर्गणी गोळा केली. तेव्हा माझा धाकटा साडू दिनेश याला परदेशी विद्यापीठाचा पुरस्कार मिळाल्याचं कळल्यावर मला जे झालं, ते पित्त होतं. डॉक्टरांचंही तेच मत पडलं. म्हणजे मी त्यांना तसं सांगितलं आणि ते नाही म्हणाले नाहीत!

बातमी आणली ती आमच्या ज्योत्स्नाने. सकाळी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरातून जवळजवळ धावतच आली.

"अहो, ऐकलंत का? दिनेशरावांना पुरस्कार मिळाला!"

"कशाचा? लकी ड्रॉ?"

"त्यांच्या स्कॉटलंडच्या विद्यापीठाचा! देशोदेशीचे जे तिथे शिकून गेले, त्यांनी पुढे काय काम केलं ते बघतात आणि त्यातून निवडतात. भारतातून एकटे दिनेशराव!"

"भारतातून तिथे गेलेच असतील कितीसे?"

"चार हजार."

मी कप खाली ठेवला. चहात साखर नाही, असं मला वाटलं. होती.

हा दिनेश म्हणजे माझ्या मेहुणीचा, शुभांगीचा नवरा. चांगली बँकेतली नोकरी सोडून दहा वर्षांपूर्वी एक वर्षासाठी स्कॉटलंडला गेला. तिकडे कांद्याचं खूळ उतरेल आणि परत आला की टाय-बिय लावून एखाद्या कंपनीत बसेल असं सगळ्यांना वाटलं, तर हा लासलगावच्या कांदाचाळींत जाऊन बसला! चाळीत साठवलेला कांदा आतल्या आत सडायला लागतो आणि माणसाला वास येईपर्यंत अर्धी चाळ हातची गेलेली असते. दिनेशचं यंत्र एका नळीने तो वास आठ दिवस आधी ओढून घेतं आणि शेतकऱ्याच्या फोनवर घंटा वाजवतं. एवढंच. मी बाहेर काय खाऊन आलोय हे आमच्या ज्योत्स्नाच्या नाकाला मी जिन्यात असतानाच कळतं. तिला अजून कोणी स्कॉटलंडला बोलावलेलं नाही!

माजी विद्यार्थी तर मीही आहे. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाला गेल्या पंचवीस वर्षांत माझी दोनदा आठवण झाली. एकदा वर्गात पंखे बसवायचे होते तेव्हा आणि एकदा ते बिघडले तेव्हा. पुरस्कार म्हणाल, तर कार्यालयाने मला एकदा 'वक्तशीर कर्मचारी' असं प्रमाणपत्र दिलंय. तो कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला.

तरीही मी शांत होतो. कारण माझ्याकडे एक गोष्ट अशी होती, जी जगातलं कुठलंच विद्यापीठ दिनेशला देऊ शकत नव्हतं. मी थोरला जावई! म्हसरूळला आमच्या सासऱ्यांच्या घरी गेली बावीस वर्षं पहिलं ताट माझं. कूलरसमोरची खुर्ची माझी. यंदा अधिक महिना, रविवारी धोंड्याचं जेवण. पुरणाचे धोंडे, तेहेतीस अनारसे, ओवाळणी आणि सगळ्यात पहिली आरती माझी! दिनेश दुसऱ्या पाटावर बसून माझं निरांजन विझायची वाट बघणार. परंपरा आहे. मी काय करू?

त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा, म्हणजे खंडेरावांचा फोन आला. हे मूळचे कळवणचे, आवाज अजून कळवणहून आल्यासारखा.

"जावईबापू, एक विचार होता. यंदा पहिला पाट दिनेशरावांना देऊ म्हणतो. एवढा मोठा बहुमान मिळालाय. त्यात रविवारी त्या विद्यापीठाची माणसं घरी येणार आहेत. शूटिंग करणार आहेत म्हणे, समारंभात दाखवायला. तुमचं काही म्हणणं?"

"छे छे! माझं कसलं म्हणणं?"

"मला माहीतच होतं! तुम्ही पहिल्यापासून मोठ्या मनाचे."

लोक आपल्याला मोठ्या मनाचं म्हणायला लागले की आपल्या हातून काहीतरी गेलेलं असतं, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

"आणि हो," खंडेराव पुढे म्हणाले, "चौकात एक अभिनंदनाचा फ्लेक्स लावू. तुमच्या ओळखीचा आहे ना कोणी?"

ओळखीचा होता. पेठ रोडचा मंगळू. आणि तिथेच माझ्या मोठ्या मनात एक लहानशी कल्पना आली. पाट गेला तर गेला. पण फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांत आपला एक फोटो असावा. जरा ठळक. शूटिंग करणाऱ्यांना कळायला नको का, या घरात थोरलं कोण आहे ते?

मंगळू संगणकावर बसून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी वाघ कापत होता.

"मंगळू, अभिनंदनाचा बोर्ड करायचाय. हा आमच्या साडूंचा फोटो, हा माझा. मजकूर या कागदावर आहे. माझा फोटो जरा ठळक ठेव."

"किती ठळक, साहेब?"

"म्हणजे… दिसला पाहिजे."

"बोर्ड सांगणारं कोण? तुम्हीच ना?"

"मीच."

"मग टेन्शन घेऊ नका. लय बोर्ड केलेत मी. कुणाचा फोटो केवढा, ते मला सांगावं नाय लागत!"

या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. फ्लेक्सच्या धंद्याचा नियम मला माहीत नव्हता असंही नाही. नाशकात ज्याचा वाढदिवस असतो तो कोपऱ्यात असतो आणि जो बोर्ड लावतो तो आभाळाएवढा! पण मी म्हणालो, "तुझ्या अनुभवाने कर."

शनिवारी दुपारी त्याने फोनवर नमुना पाठवला. मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली उघडून पाहिलं. अंगठ्याएवढ्या चित्रात पहिला दिसला तो माझा फोटो, पुतणीच्या लग्नातला, फेटा घातलेला. जरा मोठा वाटला. वाटला तर वाटला! मी पुढचं काही न वाचता अंगठा पाठवला.

रविवारी सकाळी आम्ही म्हसरूळच्या चौकात वळलो आणि ज्योत्स्नाने माझं मनगट एवढ्या जोरात धरलं, की स्कूटरने आपणहून ब्रेक लावला.

"अहो… हे काय?"

चौकात मी होतो. वीस फूट उंच! फेट्याचा तुरा विजेच्या तारेला टेकलेला. माझ्या एकेका नाकपुडीत मांजर व्यालं असतं. शेजारी सोनेरी अक्षरांत: 'कांद्याच्या यंत्रासाठी आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचा पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि मंगळूने स्वतःच्या अनुभवातून घातलेलं: 'आमचे मार्गदर्शक, प्रेरणास्थान, दिलदार व्यक्तिमत्त्व!' खाली शुभेच्छुकांची रांग. त्यातले सात चेहरे आम्ही कोणी जन्मात पाहिलेले नव्हते. ते आधीच्या कुठल्यातरी बोर्डावरून तसेच राहिले होते. आठवा दिनेश, नावासकट. एक गॉगल लावलेला इसम आणि एक झेंडूचं फूल यांच्या मधे.

"तुम्ही केलंत हे?"

"मंगळूने केलं."

"तुम्ही पाहिलं नव्हतं?"

"अंगठ्याएवढं पाहिलं होतं."

"काढा आत्ताच्या आत्ता! दिनेशरावांनी बघायच्या आधी!"

मी शिडी शोधायला निघालो, देवाशपथ! पण समोरून ज्येष्ठ नागरिक संघाचे सोनजे आप्पा आपल्या अकरा सभासदांसह येत होते. हातात शाल आणि नारळ.

"या, या, सत्कारमूर्ती! अहो, बावीस वर्षं या गल्लीत येताय, कधी बोललाही नाहीत!"

"आप्पा, गैरसमज होतोय. पुरस्कार माझा नाही, माझ्या साडूंचा—"

"ऐका, ऐका! काय हा विनय! म्हणूनच तिकडच्या लोकांनी निवडलं!"

शाल पडली. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. आता एक कबूल करतो. शाल अंगावर पडताच माणसाच्या जिभेला काहीतरी होतं. मी आणखी एकदा "अहो, मी नव्हे" म्हणालो, पण ते पहिल्यापेक्षा बरंच हळू आलं.

"दोन शब्द बोला!"

"काय बोलू?"

"तुमच्या यंत्राबद्दल!"

"ते… कांद्याचा वास घेतं."

"वा! आणि मग?"

"मग…" मी बराच विचार केला. "कळवतं."

टाळ्या! तेवढ्यात पांढरी गाडी थांबली. त्यातून एक गोऱ्या बाई उतरल्या, मागोमाग कॅमेरावाला. बाईंनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मग हात जोडून "नमस्ते!" म्हणाल्या आणि इंग्रजीत विचारलं की इतका मोठा फोटो असलेले हे गृहस्थ कोण? कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता. मी इंग्रजीत सांगायला गेलो की मी विजेत्याचा साडू. साडूला इंग्रजीत शब्दच नाही! बायकोच्या बहिणीचा नवरा हे मी उलटं, सुलटं, मधून असं तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी बाईंना वाटलं, आम्ही दोघं एकाच बाईचे नवरे आहोत.

गलका ऐकून घरातून सगळे बाहेर आले. पुढे सासूबाई, म्हणजे नवसाबाई. त्यांना लांबचं नीट दिसत नाही, पण वीस फुटांचा फोटो तेवढा अगदी व्यवस्थित दिसला.

"हाऊ फोटो कोना शे?" हा फोटो कोणाचा, असं त्यांनी कळवणच्या बोलीत विचारलं.

खंडेराव माझ्या शालीकडे बघत होते. शुभांगी आठव्या चेहऱ्याकडे, झेंडूशेजारी. तिचे डोळे भरलेले पाहिले आणि माझं पित्त एकदम उतरलं. नोकरी सोडल्यावर दिनेशला लोक काय काय बोलले, ते सगळं तिने ऐकलं होतं. दहा वर्षांनी एकदा त्याचा फोटो चौकात लागायचा होता, आणि तो मी लावला होता. असा!

"दिनेशराव," मी म्हणालो, "चूक माझी आहे. माझा फोटो ठळक ठेव असं मीच सांगितलं."

दिनेशने पुन्हा एकदा वर पाहिलं. मग हसला. म्हणजे अगदी कमरेत वाकून हसला! मग बाईंकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला, माझ्याकडे बोट दाखवत. बाई एकदम "ओह!" म्हणाल्या आणि कॅमेरावाल्याला माझ्या जवळ जायला सांगितलं.

"काय सांगितलंत त्यांना?" मी घाबरून विचारलं.

"खरं तेच, दादा. बोर्डावर मार्गदर्शक लिहिलंय ते बरोबर आहे म्हणालो. आठवतं? मी नोकरी सोडून कांद्यासाठी शिकायला जायचं म्हणालो, तेव्हा घराच्या ओट्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, 'कांदा सडला की नाही ते नाकाला कळतं. दिनेशराव, नाक घेऊन स्कॉटलंडला कशाला जाताय?'"

आठवत होतं. त्या वेळी सगळे खूप हसले होते. मी तर ते वाक्य ऑफिसातही दोनदा वापरलं होतं.

"रात्रभर झोप लागली नाही मला," दिनेश म्हणाला. "मग वाटलं, दादा बरोबर बोलतायत. नाकच बनवायला पाहिजे. माझ्या प्रवेशाच्या अर्जाची पहिली ओळ तीच होती. पुरस्काराच्या अर्जाचीही."

यानंतर त्याने हट्टच धरला की पहिला पाट दादांचाच. खंडेरावांनी मान डोलावली. मी नको नको म्हणत असताना मला पाटावर बसवलं. नवसाबाईंनी ओवाळलं, ताटात तेहेतीस अनारसे ठेवले, कॅमेरा चालू. आठवडाभर जे मागत होतो, ते सगळं मिळालं. आणि पहिला धोंडा जो घशात अडकला, तो दोन तांबे पाणी प्यायल्यावर खाली गेला! समारंभातल्या फिल्ममध्ये मी तेवढाच आहे: चार सेकंद, डोळे बाहेर आलेले. खाली इंग्रजीत लिहिलंय, 'भारावून गेलेले कुटुंबीय.'

फ्लेक्स दिनेशने त्याच दिवशी उतरवून लासलगावला नेला. जुना फ्लेक्स कांदा झाकायला फार चांगला, म्हणाला. मी मोठ्या मनाने दिला.

काल त्याने घरच्या ग्रुपवर चाळीचा फोटो टाकला. कांद्याच्या ढिगावर मी उताणा पसरलोय, फेट्यासकट. दिनेशचा कोपरा दुमडून दगडाखाली गेलाय; हे मी फोटो मोठा करून पाहिलं, सहजच. यंत्राची नळी आत सोडायला फ्लेक्सला भोक पाडावं लागतं. ते त्याने नेमकं माझ्या उजव्या नाकपुडीत पाडलंय. खाली लिहिलं होतं: 'दादा, तीन आठवडे झाले, तुमच्याखालचा एकही कांदा सडला नाही!'

सगळ्यांनी अंगठे पाठवले. खंडेरावांनी दोन.

"बघा," ज्योत्स्ना म्हणाली, "शेवटी तुमच्या नाकाला काम मिळालं."

मी पित्ताची गोळी घेतली. शेजारच्या चाळीतही यंत्र बसवलंय आणि तिथे कुणाचा फोटो कांद्यावर घातलाय, तो माझ्यापेक्षा मोठा आहे का, एवढंच दिनेशला विचारायचं राहिलंय.